काळ्या पाषाणाखालची जमीन: लमेटा खडक कसे वाचायचे

सह्याद्रीत लाव्हाच्या थरांची एकूण जाडी एक किलोमीटरहून जास्त भरते. पूर्वेकडे जावं तसा हा काळा पाषाण पातळ होत जातो आणि नागपूर-चंद्रपूरच्या पट्ट्यात संपतो. जिथे तो संपतो तिथे ओढ्याच्या काठाला, टेकडीच्या पायथ्याला किंवा विहिरीच्या खोदकामात त्याच्या खालचा खडक उघडा पडतो. हिरवट वाळूचा खडक, तांबडी-जांभळी चिकणमाती, पांढुरका गाठाळ चुनखडक. हा लमेटा. जाडी कुठे जेमतेम दोन-चार मीटर, तर जबलपूरकडे चाळीसेक मीटर. भारतात क्रिटेशस कालखंडाच्या, म्हणजे डायनोसॉरांच्या युगातल्या शेवटच्या कालखंडाच्या, शेवटाकडचे जे डायनोसॉर सापडले, त्यांतले बहुतेक याच थरांमधून आले आहेत.

गाळाचा खडक म्हटलं की समुद्राच्या नाहीतर तळ्याच्या तळाशी शांतपणे साचत गेलेला गाळ डोळ्यांपुढे येतो. लमेटाचा मोठा भाग तसा नाही. नद्यांनी आणि पुरांनी गाळ आणून टाकला खरा, पण त्यानंतर तो हजारो वर्षं उघड्यावर पडून राहिला. त्यात मुळं गेली, उन्हाने भेगा पडल्या, त्यावरून जनावरं चालली. त्याची जमीन झाली आणि त्या जमिनीचा पुढे दगड झाला. ही गोष्ट लक्षात ठेवली की अंडी इतकी का सापडतात, हाडं विखुरलेली का असतात आणि शेणाचे दगड, म्हणजे जीवाश्म झालेलं शेण, कुठून आले, हे सगळं एका सूत्रात बसतं.

नाव पडलं ते जबलपूरजवळ नर्मदेवर असलेल्या लमेटा घाटावरून. मेडलिकॉट या भूवैज्ञानिकाने १८६० मध्ये ते वापरलं. पण हा खडक एकसलग चादरीसारखा पसरलेला नाही. जबलपूर, मध्य प्रदेशातला धार-बाग परिसर, गुजरातेत बालासिनोरजवळचं रैयोली, अमरावती जिल्ह्याच्या सीमेवरचं सालबर्डी आणि नागपूर-चंद्रपूरमधलं नांद-डोंगरगाव खोरं, असे त्याचे सुटे सुटे तुकडे आहेत. प्रत्येक ठिकाणी तो वेगळ्या खडकावर बसला आहे: कुठे अब्जावधी वर्षं जुन्या ग्रॅनाइट-नाइसवर, कुठे गोंडवन काळातल्या वालुकाश्मावर, बागजवळ समुद्री चुनखडकावर. मधल्या कोट्यवधी वर्षांची पानं तिथे गायब आहेत. उंचसखल, झिजलेल्या प्रदेशातल्या सखल जागा भरत गेल्या आणि तेवढ्याच भागात लमेटा साचला. म्हणून एका गावात तो वीस मीटर भेटतो आणि शेजारच्या गावात लाव्हा थेट जुन्या खडकावर टेकलेला दिसतो. विहीर खणताना लमेटा लागला नाही, तर बहुधा तिथे तो कधी साचलाच नव्हता.

जबलपूरच्या छोटा शिमला आणि बडा शिमला टेकड्यांवर थरांचा क्रम सगळ्यात स्पष्ट दिसतो. तळाला हिरवा वालुकाश्म. त्यात तिरप्या रेघा असतात, कारण वाहत्या पाण्याने वाळूचे पट्टे पुढे ढकलत नेले. त्यावर खालचा चुनखडक. मग ठिपकेदार गाठाळ थर, म्हणजे जांभळ्या-हिरव्या रंगांचे डाग आणि चुन्याचे खडे असलेली माती. त्यावर वरचा चुनखडक, मग वरचा वालुकाश्म आणि शेवटी बेसाल्ट, म्हणजे लाव्हाचा तोच काळा पाषाण. कागदावर हा क्रम नीटनेटका वाटतो. प्रत्यक्षात एखादा थर शंभर पावलांत पातळ होऊन नाहीसा होतो. हातात नकाशा आहे म्हणून डोळे मिटून थर मोजू नयेत.

या ‘चुनखडकां’नीच सुरुवातीच्या अभ्यासकांना चकवलं. चुनखडक दिसला की समुद्र आठवतो. वाळूत खेकड्यासारख्या प्राण्यांची बिळं वाटावीत अशा नळ्याही मिळाल्या आणि लमेटा किनाऱ्यावर साचला असा युक्तिवाद अनेक वर्षं टिकून होता. पुढे १९९० च्या दशकात पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून आणि कार्बन-ऑक्सिजनची समस्थानिकं, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू, मोजून दाखवलं गेलं की जबलपूरचा बराचसा चुनखडक मातीत तयार झालेला आहे. पावसाचं पाणी मुरताना मुळांच्या श्वसनातला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि किंचित आम्लधर्मी होतं. ते मातीतला चुना विरघळवून खाली नेतं. पावसाळा सरला की मुळं पाणी शोषतात, ऊन उरलेलं उडवतं, वायू निघून जातो आणि चुना तिथेच बसतो. आधी पुसट पांढरे डाग, मग वाटाण्याएवढे खडे, मग खडे एकमेकांना जोडून सलग पट्टा. असा कडक पट्टा व्हायला हजारो वर्षं लागतात आणि तेवढा काळ वरून नवा गाळ फारसा न येणंही गरजेचं असतं. विदर्भात काळ्या जमिनीत खोल खणलं की निघणारे चुनखडीचे खडे याच रीतीने तयार झालेले असतात, त्यामुळे शेतकऱ्याला ही प्रक्रिया समजावून सांगावी लागत नाही. असा चुना साठायला कोरडा उन्हाळा लागतो. सतत ओल्या हवेत तो धुऊन जातो. लमेटाच्या काळात हवा निमकोरडी होती, पाऊस हंगामी होता, याचा पुरावा असा पायाखालच्या खड्यांत आहे.

समुद्री चुनखडक आणि मातीतला चुनखडक वेगळे ओळखायच्या खुणा साध्या आहेत. मातीतल्यात शिंपले, प्रवाळ यांसारखे समुद्री जीव नसतात. खड्यांभोवती गोल भेगा असतात, कारण माती ओली-कोरडी होताना फुगते आणि आकसते. त्या भेगा नंतर स्वच्छ, चमकदार कॅल्साइटने, म्हणजे चुन्याच्या स्फटिकांनी, भरतात. मुळांच्या उभ्या नळ्या, वर निमुळतं न होता खाली फाटे फुटत जाणाऱ्या, हमखास दिसतात. आणि थराची वरची कड तीक्ष्ण असली तरी खालची कड खालच्या मातीत हळूहळू विरत जाते. लाल-जांभळे आणि हिरवे डाग लोहामुळे: हवा पोचली तिथे लोह गंजून लाल झालं, पाणी साचून राहिलं तिथे हिरवट. भूजलाची पातळी वर-खाली होत होती एवढं त्यातून कळतं.

चंद्रपूर-नागपूरकडचं चित्र थोडं वेगळं आहे. नांद-डोंगरगावात लाल आणि हिरव्या चिकणमातीचं प्रमाण जास्त आहे. पुराचं पाणी काठ ओलांडून पसरे तिथे साचलेली माती, नदीपात्रातली वाळू, मागच्या सखल दलदली आणि तळी, असं सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे. डोंगरगावला तळ्यातल्या माशांचे जीवाश्म मिळतात. वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याच्या लाल मातीत मिळतात हाडांचे तुकडे, कासवांच्या कवचाचे तुकडे, आणि शेणाचे दगड. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच इथून जीवाश्म गोळा केले होते. हिस्लॉप कॉलेजला नाव आहे ते यांचंच.

आता अंड्यांकडे येऊ, कारण लमेटाची खरी श्रीमंती तिथे आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बालासिनोर भागात अंडी उजेडात आली. त्यानंतर जबलपूर, धार आणि सालबर्डीकडूनही घरटी नोंदली गेली. एकट्या धार जिल्ह्यातल्या बाग-कुक्षी भागात ९२ घरटी आणि २५६ अंडी मोजल्याचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेक अंड्यांचा व्यास १५ ते १७ सेंटिमीटर, म्हणजे एवढ्या अजस्र प्राण्याच्या मानाने लहानच. ती टायटनोसॉरची, म्हणजे लांब मानेच्या शाकाहारी डायनोसॉरांची. कवचात छिद्रं भरपूर असतात. उघड्यावर ठेवलेलं असं अंडं लवकर सुकून जाईल, त्यामुळे ती माती-वाळूत पुरून ठेवत असावेत. चुन्याने भरलेल्या जमिनीत कवचाला आम्लाचा धोका कमी. एवढी अंडी टिकली याचं मोठं कारण तेच.

पण अंड्याबाबत फसगतही इथेच सगळ्यात जास्त होते. मातीतले चुन्याचे खडे गोल असतात, पांढुरके असतात आणि अंड्याच्याच थरात असतात. पुष्कळ जण पहिली चाचणी म्हणून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकतात. फेस येतो, आणि लोक खूश होतात. अंड्याचं कवच कॅल्साइटचं, चुन्याचा खडाही कॅल्साइटचा; फेस दोघांनाही येणार. ही चाचणी इथे निरुपयोगी आहे. पाहायचं ते असं. भिंगातून दगडाच्या कडेला सारख्या जाडीचा, साधारण एक ते तीन मिलिमीटरचा पट्टा आहे का? खड्यात असा पट्टा नसतो. त्याची कड आत विरत जाते. पृष्ठभागावर बारीक पुटकुळ्या सारख्या अंतराने आहेत का? पातळ काप केला तर पट्ट्यात खालून वर पंख्यासारखे पसरत जाणारे स्फटिक दिसतात का? शेवटी, आजूबाजूला तशाच मापाचे आणखी गोल आहेत का? अंडी घरट्यात गटाने असतात, खडे कसेही विखुरलेले असतात. वरचा भाग तुटलेला दिसला म्हणून पिल्लू बाहेर पडलं असं म्हणू नये. थर झिजायला लागला की सगळ्यात आधी जातं ते वरचंच कवच.

आणखी एक अडचण आहे. काही ठिकाणी कवचातलं कॅल्साइट जाऊन त्या जागी सिलिका, म्हणजे गारेचं द्रव्य, बसते. मग आम्लाला फेसच येत नाही आणि खरं अंडं नाकारलं जातं. काही ठिकाणी कॅल्साइट पुन्हा नव्याने स्फटिकतं आणि पंख्याची रचना पुसली जाते. अशा कवचावरून प्राण्याचा आहार किंवा तो पीत असलेलं पाणी यांविषयी काही सांगायला जाणं धोक्याचं. चांगल्या स्थितीतल्या कवचांतल्या कार्बनच्या समस्थानिकांवरून मात्र हे प्राणी झाडझाडोऱ्यावर जगत होते असं १९९१ च्या एका अभ्यासात दाखवलं गेलं.

बागजवळच्या पाडल्या गावाकडून २०२२ मध्ये एक विलक्षण नमुना प्रसिद्ध झाला: अंड्याच्या आत दुसरं अंडं. तयार झालेलं अंडं काही कारणाने मागे सरकतं आणि त्याच्याभोवती पुन्हा कवच चढतं, तेव्हा असं होतं. कोंबड्यांमध्ये हे कधीकधी घडतं. कासवं, सरडे यांच्यात ते माहीत नव्हतं. म्हणून टायटनोसॉरची अंडनलिका पक्ष्यांसारखी वेगवेगळ्या भागांत विभागलेली असावी, असा निष्कर्ष निघाला. एका सदोष अंड्याने शरीररचनेविषयी एवढं सांगितलं.

गुजरातेतल्या धोली डुंगरीचा दगड तर प्रसिद्धच आहे. नागपूरचे धनंजय मोहबे यांनी तो १९८० च्या दशकात शोधला. आधी त्यात अंडी आणि पिल्लाची हाडं आहेत एवढंच वाटलं होतं. पुढे पुराजीवशास्त्रज्ञ जेफ विल्सन यांनी तो पुन्हा तपासला तेव्हा त्यातले काही मणके सापाचे निघाले. ‘सनाजे इंडिकस’ हे नाव २०१० मध्ये दिलं गेलं. साप सुमारे साडेतीन मीटरचा, फुटलेल्या अंड्याला वेटोळं घालून बसलेला, जवळ अर्ध्या मीटरच्या पिल्लाचा पुढचा भाग. या सापाला आजच्या अजगरासारखा जबडा फार फाकवता येत नव्हता, म्हणून त्याचा डोळा अख्ख्या अंड्यावर नसून बाहेर पडणाऱ्या पिल्लावर असावा. हे सगळं जागच्या जागी राहिलं याचा अर्थ ओली वाळू-माती एकदम घसरून आली आणि सगळ्यांना एका दमात पुरून गेली.

एवढ्या अंड्यांच्या मानाने गर्भाची हाडं जवळपास नाहीत. पिल्लाचं हाड नाजूक, कूर्चाच जास्त. मातीत ते लवकर कुजतं. मोठ्यांची हाडंही सांध्याला सांधा जोडलेली क्वचितच मिळतात. जमिनीवर पडलेलं प्रेत कुजतं, मांसाहारी ओढतात, पुढचे कळप तुडवतात, आणि फुगणारी-आकसणारी चिकणमाती उरलेल्याला वर्षानुवर्षं हलवत राहते. पिसदुऱ्याला हाडं बहुधा तुकड्यांत मिळतात, यात म्हणूनच काही नवल नाही.

याचा परिणाम नावांवर झाला. स्लीमनने, होय, ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या स्लीमनने, १८२८ मध्ये जबलपूरला पहिली हाडं गोळा केली. त्यांतल्या शेपटीच्या मणक्यांवरून रिचर्ड लायडेकर यांनी १८७७ मध्ये ‘टायटनोसॉरस इंडिकस’ हे नाव दिलं, आणि एका अख्ख्या गटाला त्यावरून नाव मिळालं. पण त्या मणक्यांत खास असं काही नाही. तशी शेपूट पुष्कळ टायटनोसॉरांना असते, हे २००३ मध्ये मान्य झालं आणि मूळ नाव संशयास्पद ठरलं. मधल्या काळात ते मणके हरवले होते. कोलकात्यात जुन्या संग्रहात २०१२ मध्ये ते पुन्हा सापडले. मॅटली आणि फॉन ह्यून या अभ्यासकांनी १९३३ मध्ये जबलपूरच्या हाडांवरून डझनभर नावं दिली. त्यांतली बरीच आज टिकत नाहीत. एकाच प्राण्याच्या वेगवेगळ्या हाडांना वेगवेगळी नावं मिळाली असण्याची दाट शक्यता आहे. माझ्या मते लमेटाच्या प्राण्यांची यादी वाचताना नावं मोजण्यापेक्षा कोणतं नाव किती हाडांवर उभं आहे ते पाहावं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावचा सांगाडा त्या कसोटीवर उतरतो. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या लोकांनी तो काढला, १९९७ मध्ये नाव दिलं, आणि २००३ मध्ये संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून (ISI) ‘इसिसॉरस’ झालं. कवटी नाही, पण मान, पाठ, कंबर आणि पुढचा पाय यांचा बराचसा भाग आहे. रैयोलीचा मांसाहारी ‘राजासॉरस’, तोही २००३ चा, असाच बऱ्यापैकी भक्कम पुराव्यावर उभा आहे.

पिसदुऱ्याच्या शेणदगडांनी मात्र जगभर खळबळ उडवली. जीवाश्म झालेलं शेण ओळखायचं कसं? आकार दोन्ही टोकांना निमुळता किंवा एका बाजूला चपटा, पृष्ठभागावर आकसल्याच्या भेगा, तोडलं तर आत एकसारखं बारीक द्रव्य. चुन्याच्या खड्यासारखे वर्तुळाकार थर नसतात. मोठे नमुने दहा सेंटिमीटर व्यासाचे भरतात आणि ते टायटनोसॉरचे मानले जातात, कारण त्याच थरात हाडं त्यांचीच जास्त आहेत. त्यात वनस्पतींच्या पेशींत तयार होणारे सिलिकाचे सूक्ष्म कण असतात. एका मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही लहान, आणि प्रत्येक वनस्पतिगटाचा आकार निराळा.

ते काढायची रीत अशी. आधी नमुन्याचा वरचा थर घासून काढून टाकायचा. आजच्या गवताचे कण त्यावर आणि भेगांत हमखास असतात. मग आतला भाग भरडून हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवायचा, चुना जातो. नंतर नायट्रिक आम्लासारख्या तीव्र ऑक्सिडीकारकाने सेंद्रिय भाग जाळायचा. धुऊन चिकणमातीचे अतिबारीक कण वेगळे करायचे. उरलेलं सुमारे २.३ घनतेच्या जड द्रवात टाकलं की वनस्पतींची सिलिका तरंगते आणि क्वार्ट्झसारखे जड कण तळाला जातात. वरचं गोळा करून काचपट्टीवर घ्यायचं. शेजारच्या मातीचा नमुनाही याच रीतीने तपासावा लागतो, नाहीतर कण शेणातले की बाहेरून शिरलेले हे सांगता येत नाही. हा टप्पा गाळला तर निकालाला काही अर्थ राहत नाही.

या पद्धतीने २००५ मध्ये या शेणदगडांत गवताच्या निदान पाच प्रकारांचे कण दाखवले गेले. तोवर गवत डायनोसॉर संपल्यावर आलं असं धरलं जात होतं. पुढे २०११ मध्ये त्यांत भाताच्या जवळच्या गटाच्या खुणाही नोंदल्या गेल्या. याचा अर्थ चंद्रपुरात डायनोसॉर गवताळ माळावर चरत होते असा घेऊ नये. पोटात सूचिपर्णी झाडं, ताडवर्गीय झाडं आणि इतर वनस्पतीही होत्या. गवताचा वाटा थोडाच होता.

वय कसं ठरतं? लमेटाच्या मातीतून थेट वय काढणं अवघड, कारण तिच्यातले कण जुन्या खडकांतून झिजून आलेले. फॉन ह्यून आणि मॅटली यांनी सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वीचा काळ धरला होता. पुढे सूक्ष्म जीवाश्म, परागकण आणि पाकटासारख्या माशाचे दात यांवरून तो क्रिटेशसच्या अगदी शेवटाकडे सरकला. वरच्या बेसाल्टचं वय आर्गॉनच्या समस्थानिकांनी सुमारे ६.६ कोटी वर्षं येतं. लमेटा त्याच्या खाली, म्हणून त्याहून जुना. खडकात गोठलेली चुंबकीय दिशाही मोजतात. डेक्कनच्या लाव्हांपैकी बराच भाग पृथ्वीचं चुंबकत्व उलटं असतानाच्या एका छोट्या टप्प्यात साचला आहे, आणि लमेटाच्या दिशा त्या टप्प्याशी किंवा त्याच्या लगेच आधीच्या सरळ टप्प्याशी जुळतात. लमेटातल्या काही चिकणमातीची घडण झिजलेल्या बेसाल्टसारखी आहे. म्हणजे इथे अजून गवत उगवत असताना दुसरीकडे कुठेतरी लाव्हा आधीच वाहून झिजायलाही लागला होता. कच्छमधल्या अंजारला लाव्हाच्या दोन थरांच्या मधल्या गाळातही डायनोसॉरची हाडं आणि अंड्यांची कवचं मिळाली आहेत, त्यामुळे पहिल्या लाव्ह्याबरोबर सगळे संपले असं म्हणता येत नाही.

शेतात नांगराला किंवा विहिरीच्या खोदकामात असं काही लागलं, तर ते उपटून घरी नेणं हेच सगळ्यात मोठं नुकसान. थरातून सुटलेल्या अंड्याचं मोल फार घटतं, कारण ते कोणत्या मातीत, किती खोल आणि शेजारी काय होतं हे कळायची वाट बंद होते. शेजारी पेन किंवा मोजपट्टी ठेवून फोटो घ्यावा, एक जवळून आणि एक लांबून, आजूबाजूचे थर दिसतील असा. मोबाइलवर ठिकाण नोंदवावं. वरून किती फुटांवर लागलं ते लिहावं. पाण्याने धुऊ नये. वाळलेल्या चिकणमातीतलं हाड पाणी लागताच चिरतं. पावसाळा जवळ असेल तर उघडा पडलेला भाग त्याच मातीने हलकेच झाकून ठेवावा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाला किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला कळवावं.